एकवीसचा आकडा आणि पायातलं पाणी

माझे पाय सुजले तेव्हा मला आनंद झाला होता. हे वाक्य वाचून कुणी मला वेडा ठरवलं तर माझी हरकत नाही, कारण त्या दोन महिन्यांत मी वेड्यासारखाच वागलो. फरक इतकाच, की माझ्या वेडाला गणिताचा आधार होता, आणि गणिताचा आधार असला की माणूस कुणाचं ऐकत नाही.

मी मोखाड्याच्या शाळेत हेडमास्तर. शिकवायला प्रामुख्यानं गणित. वय तेव्हा छत्तीस. घरात पत्नी गोदावरी आणि अंगावर पिणारी मुलगी, बाळी. आता मी बरा आहे. हातपाय माझ्या हुकमात आहेत. ज्यांना कुणाला लांबलचक आजारातून उठायचं आहे, आणि घरचे लोक 'जरा अंग धरलंय हो तुम्ही' असं म्हणू लागले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

भागाकार

सुरुवात साध्या हिवतापानं झाली. मोखाड्याला हिवताप कुणाला चुकलेला नाही. भाद्रपदात धरलेला ताप दसऱ्याला सुटला आणि सुटताना निम्मा मास्तर घेऊन गेला. सदऱ्यात दोन माणसं मावतील अशी अवस्था झाली.

मोखाडा इंग्रज सरकारच्या मुलखात आणि जव्हार हे वेगळं संस्थान, पण दवाखाना म्हटला की आम्हाला जव्हारच जवळचं. बैलगाडीनं जाऊन तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "ताप गेला. आता वजन थोडं भरू द्या."

थोडं म्हणजे किती, हे विचारल्याशिवाय मला राहवेना. डॉक्टर हसले. त्यांच्याकडे विमा कंपनीचं एक छापील कोष्टक होतं. इतक्या उंचीच्या माणसाचं वजन इतकं असावं, अशा रकाने भरलेलं. शिवाय त्यांनी विलायतेतल्या कुणा गणितज्ञाचा एक नियम सांगितला: वजन किलोग्राममध्ये घ्यावं, उंची मीटरमध्ये घ्यावी, उंचीला उंचीनंच गुणावं आणि त्या गुणाकारानं वजनाला भागावं. मग उंच माणूस आणि बुटका माणूस एका रांगेत उभे करून पाहता येतात.

"पण मास्तर," कोष्टक माझ्या हातात देताना ते म्हणाले, "हे गोऱ्या लोकांची वजनं पाहून केलेलं आहे, आणि तेही विमा उतरवायला आलेल्यांची. अंदाजापुरतं धरा."

नियम मी लक्ष देऊन ऐकला. या इशाऱ्याच्या वेळी मी मनातल्या मनात उंचीचा वर्ग काढत होतो.

माझी उंची पाच फूट चार इंच. म्हणजे एक पूर्णांक त्रेसष्ट मीटरला किंचित कमी. तिचा वर्ग दोन पूर्णांक चौसष्ट. मोखाड्यात हिरड्याची वखार होती, तिथल्या मोठ्या काट्यावर दर रविवारी मी बसू लागलो. पहिल्या रविवारी एकशे चार रत्तल भरलो. त्याचे झाले सत्तेचाळीस किलोग्राम. भागाकार आला अठराला जरा कमी. कोष्टकातल्या माझ्या उंचीच्या माणसासाठी हाच भागाकार केला तर तो बावीसच्या पुढे जात होता. मी नम्रपणे माझं लक्ष्य एकवीस ठरवलं.

आजाऱ्याचा भात

आजाऱ्याला काय द्यावं याबद्दल आमच्यासारख्या घाटाखालच्या पांढरपेशांची मतं पक्की असतात. नाचणी जड. जाडा, तांबूस, घरी कांडलेला तांदूळ जड. डाळ वायूची. हलकं काय, तर पांढराशुभ्र भात.

तोवर आमच्याकडे पवळी नावाची बाई भात कांडायला यायची. मूळची सूर्यमाळची, लग्न करून मोखाड्याजवळच्या पाड्यावर आलेली. उखळापाशी उभी राहिली की घराची जमीन हादरायची. कांडपाची इकडची रीत अशी, की तांदूळ घरच्यांचा आणि कोंडा व कणी कांडणारीची. ती तिच्या मजुरीतच धरलेली. पवळी तो कोंडा पदरात बांधून न्यायची, थोडा कोंबड्यांना घालायची, थोडा नाचणीच्या पिठात मिसळून भाकरी थापायची. आम्हाला त्याची कीव यायची.

माझ्या आजारपणाची बातमी ऐकून मेहुण्यांनी कल्याणहून गिरणीत सडून पांढऱ्या केलेल्या तांदळाचं पोतं पाठवलं. तो तांदूळ मोगऱ्याच्या कळीसारखा होता. गोदावरी तो तीनदा चोळून धुवायची, उकळला की पेज ओतून द्यायची, आणि वर तूप घालून मला वाढायची. सकाळी तोच, दुपारी तोच, तिन्हीसांजेला तोच. जोडीला मेतकूट आणि दिवसातून चारदा चहा. डाळ मी बंद केली, भाजीला तोंड वाकडं करू लागलो. पवळीला सांगितलं, आता कांडपाला येऊ नकोस. तिनं विचारलं नाही की का. मुसळ भिंतीला टेकवलं आणि गेली.

वजन काही आठवडे हललं नाही. मग मात्र चढू लागलं. एकशे आठ. एकशे बारा. मी ओसरीच्या भिंतीवर चौकटीचा कागद डकवला आणि दर रविवारी त्यावर एक टिंब देऊ लागलो. रेघ वर जात होती. एकशे सोळाला मी गोदावरीला हाक मारून ती रेघ दाखवली.

तिनं रेघेकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. म्हणाली, "अहो, वहाणेचा पट्टा रुततोय तुम्हाला. घोट्यापाशी सुजल्यासारखं दिसतंय."

"सुजल्यासारखं नाही, भरल्यासारखं," मी म्हणालो. "आता साडेएकोणीसच्या वर आहे मी." आणि वहाणेचा पट्टा एक भोक सैल केला.

ती चुलीकडे वळली. भिंतीवरच्या कागदाशी वाद घालायला ती काही शाळेत गेली नव्हती.

आता मागे वळून पाहताना सगळं स्वच्छ दिसतं. पिंढऱ्यांत मुंग्या येत होत्या. शाळेच्या चार पायऱ्या चढलो की छातीत धडधडायचं आणि फळ्याला हात लावून उभं राहावं लागायचं. आवाज बसला होता. मी या प्रत्येकाला निराळं कारण दिलं: बसून राहिल्यानं मुंग्या, अशक्तपणानं धडधड, खडूच्या धुळीनं आवाज. मुलांनी अशी गणितं सोडवली असती तर मी त्यांना ओणवं उभं केलं असतं.

पवळीचा अंगठा

ज्या रविवारी मी एकशे बावीस रत्तल भरलो, त्या रविवारी एकवीस आला. मी वखारीतून घरी आलो तो धापा टाकत, आणि ओसरीवर पाय सोडून बसलो. गोदावरीला म्हटलं, आज काहीतरी गोड कर.

त्याच वेळी पवळी सरपणाची मोळी टाकायला आली. मोळी उतरवली आणि माझ्याकडे बघत राहिली. इकडची माणसं राजाशीही 'तू'नेच बोलतील, मास्तराचं काय.

"मास्तर, तुजे पायांना काय झाला?"

"काही नाही. वजन वाढलंय. तब्येत सुधारली."

ती जवळ आली, खाली बसली, आणि काही विचारायच्या आत तिनं माझ्या नडगीवर अंगठा दाबला. बराच वेळ दाबून धरला. अंगठा काढला तेव्हा तिथे खळगा पडलेला होता. आम्ही तिघंही त्या खळग्याकडे पाहत राहिलो. तो भरून येईना.

"ह्या मांस नाय," पवळी म्हणाली. "पानी हाय ह्या. आमचे सूर्यमाळला आखाडात नागली सरली का मानसा अशीच फुगतात. भुकेची सूज ही. तू उपाशी हायस काय?"

नागली म्हणजे नाचणी. मी हसलो. म्हणालो, "अगं, तीन वेळा तूपभात खातो मी."

"मंग तुजा भात खोटा हाय," ती म्हणाली. इतकं सरळ, की मला राग येण्याऐवजी भीती वाटली.

तिला उत्तर द्यायला म्हणून मी ओसरीवरून उतरून खाली उकिडवा बसलो, आणि उठू लागलो. उठता येईना. मांड्या माझ्या नव्हत्याच जणू. दोन्ही हात जमिनीला टेकले, तरी उठता येईना. शेवटी एका बाजूनं गोदावरीनं आणि दुसऱ्या बाजूनं पवळीनं धरून मला उभं केलं. मला त्या क्षणी कळलं, की मी मरू शकतो.

जव्हारचा रस्ता

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी जोडली. गोदावरी एकटी घाबरेल म्हणून पवळी न सांगता गाडीत चढली आणि तिनं बाळीला मांडीवर घेतलं. गाडीत आडवं पडलं की जीव गुदमरायचा, म्हणून मी पोत्याला टेकून बसून होतो. एका वळणावर गोदावरी एकाएकी म्हणाली, "तो कागद मी फाडून टाकलाय." मी म्हटलं, बरं केलंस.

डॉक्टरांनी मला ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनीही तेच केलं: नडगीवर अंगठा, उकिडवं बसा, उठा. नंतर छातीला कान लावून फार वेळ ऐकत राहिले. मग औषधांविषयी नाही, जेवणाविषयी विचारू लागले. मी सांगत गेलो तसे ते मान हलवत गेले.

"बेरीबेरी म्हणतात याला," ते म्हणाले. "पोट भरतं, पण शरीर उपाशी राहतं. तांदळाच्या वरच्या सालीत जे असतं ते गिरणीनं काढलं, उरलंसुरलं तुम्ही धुऊन पेजेतून ओतून दिलंत. हृदय थकलंय, म्हणून अंगात पाणी साठतंय."

"पण डॉक्टर, माझा एकवीस आला होता."

"आला असेल. तुमच्या भागाकाराला मांस आणि पाणी यांतला फरक कळत नाही, मास्तर. त्याच्या लेखी वजन म्हणजे वजन."

मी विचारलं, मी वाचेन का. ते म्हणाले, वेळेत आला आहात असं वाटतं, पण हृदयाचं सांगता येत नाही, आठ दिवस जाऊ द्या. गोदावरी दाराशी उभी होती. तिनं ते ऐकलं आणि बाळीला घेऊन बाहेर गेली.

डॉक्टरांनी सांगितलेलं औषध दोन प्रकारचं होतं. एक बाटलीतलं. दुसरं, तांदळाचा ताजा, स्वच्छ चाळलेला कोंडा, रोज वाटीभर, पातळ पेजेत घालून. शिवाय हातसडीचा तांदूळ, डाळ, नाचणी. म्हणजे मी जे जे जड म्हणून टाकलं होतं ते सगळं.

बाजारात कोंडा मिळाला तो जुना, कुबट, म्हशींसाठीचा. पवळी दारात बसून ऐकत होती. उठली, म्हणाली, "मी आनते," आणि निघाली. सहा-सात कोस चालत परत मोखाड्याला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती डोक्यावर टोपली घेऊन हजर झाली. दोन घरचं भात कांडून आपल्या वाट्याचा सगळा कोंडा तिनं चाळून आणला होता. मी ज्याची कीव केली होती तोच तो कोंडा. तिच्या घरी त्या दिवशी भाकरीत काय मिसळलं, हे विचारायची मला लाज वाटली. नंतर विचारलं. काहीच मिसळलं नव्हतं, नुसती पातळ आंबील होती.

उतरती रेघ

दवाखान्यात मी तेवीस दिवस होतो. सकाळी झाडलोट, मग कंपाउंडर बाटली हलवत यायचा, मग मला काट्यावर उभं करायचे. गोदावरी मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडून पेज करायची. कोंड्याच्या पेजेची चव कशी असते ते सांगतो: ओल्या भुशाची. पहिले दोन दिवस ती नरड्याखाली उतरेना. तिसऱ्या दिवशी गोदावरी वाटी घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "सगळी संपेपर्यंत मी इथून हलणार नाही. माझं ऐकून घ्यायची सवय करा." वाटी संपली.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी अंगातलं पाणी सुटलं. आजारपणाच्या कथा सांगताना लोक हा भाग गाळतात, पण मी गाळत नाही, कारण त्यातच माझा जीव होता. दिवसभर मूत्रपात्र मागायचो. शेजारच्या खाटेवर झाडावरून पडलेला एक म्हातारा गडी होता, तो मोजत बसायचा आणि प्रत्येक वेळी मान डोलवून शाबासकी द्यायचा. आयुष्यात कुठल्याच परीक्षेला मला इतकं कौतुक मिळालं नव्हतं.

काट्यावरचा आकडा उतरत होता. एकशे अठरा. एकशे बारा. एकशे सहा. दोन महिने जो चढताना पाहून मी खूश व्हायचो, तोच उतरताना पाहून आता डॉक्टर खूश व्हायचे. शेवटी तो एकशे एकावर थांबला. सवयीनं मी भागाकार केला. सव्वासतरा. ताप सुटला तेव्हाही मी यापेक्षा जड होतो. आणि त्याच सकाळी मी उकिडवा बसून, एक हात जमिनीला टेकून, कुणाच्याही मदतीशिवाय उठलो. घोटे दिसत होते. छाती शांत होती.

एका दुपारी पवळी दुसरी टोपली घेऊन आली तेव्हा डॉक्टरांनी गमतीनं तिलाही काट्यावर चढवलं. शहात्तर रत्तल. मी भिंतीवर उंची मोजली आणि हिशेब केला. सोळालाही कमी. कोष्टकाच्या मतानं ती अंथरुणाला खिळलेली असायला हवी होती.

"पाहा," मी म्हणालो, "आकड्याला काही अर्थच नाही."

"आता दुसऱ्या टोकाला जाऊ नका," डॉक्टर म्हणाले. "ही काटक आहे हे खरं. पण हिला पोटभर मिळालं असतं तर ही इतकी बारीक राहिली नसती. आकडा प्रश्न विचारायला बरा असतो, मास्तर. उत्तर म्हणून तो पुरत नाही. आकडा पाहिल्यावर माणसाकडे पाहायचं असतं."

पवळी काट्यावरून उतरली आणि म्हणाली, "माजा वजन करून काय, मी बाजारात इकाय थोडीच आलंय?" डॉक्टर मोठ्यानं हसले. मला हसू आलं नाही.

ज्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे त्यांना एवढंच सांगेन. वजन जरूर करा. भागाकारही करा, मी अजून करतो. पण त्यानंतर नडगीवर अंगठा दाबून पाहा, उकिडवे बसून उठून पाहा, चार पायऱ्या चढून पाहा. आणि घरचं माणूस काही म्हणालं तर हातातली पेन्सिल खाली ठेवून ऐका.

शेवटचा प्रश्न

घरी जायच्या दिवशी डॉक्टर आम्हाला पोहोचवायला पायरीपर्यंत आले. गोदावरीच्या कडेवर बाळी होती. तिच्याकडे पाहता पाहता त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी एकदम विचारलं, "तो तांदूळ घरात आणखी कोण खात होतं?"

"कुणी नाही," गोदावरी म्हणाली. "तो ह्यांच्यापुरताच होता. मी आपली नाचणी आणि आधी कांडून ठेवलेला जाडा तांदूळच खात होते."

डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही तो खाल्ला असतात, तर तुमच्या दुधातही ते सत्त्व उरलं नसतं. तान्ह्या मुलांना हा आजार झाला तर आठवडे लागत नाहीत. सकाळी खेळणारं मूल तिन्हीसांजेपर्यंत जातं."

गाडी निघाली. मी दोन महिने मागे जाऊन एकेक जेवण आठवत होतो. मोगऱ्यासारख्या भाताचा ढीग माझ्या ताटात, आणि चुलीपाशी तिची काळी भाकरी. त्या दोन महिन्यांत मी एकदाही तिला म्हणालो नव्हतो, की तूही यातला घे. पाजणाऱ्या बाईला चांगलं अन्न लागतं हे मला कळत नव्हतं असं नाही. मला सुचलंच नाही. माझ्या आपमतलबीपणामुळे माझी मुलगी जिवंत होती, आणि मी त्याबद्दल देवाचे आभार मानायचे की तोंड लपवायचं, हे मला ठरवता येईना.

मी तिला तसं बोलून दाखवलं. मग विचारलं, "तुला तो भात खावासा वाटला नाही कधी?"

ती बाळीला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "एकदा ताटात घेतला होता. चार घासांपुरता. मग पोतं अर्ध्यावर आलेलं दिसलं. म्हटलं, तुम्हाला कमी पडेल. परत पातेल्यात टाकला."